बाभळीच्या अलीकडे

तळ्यावरच्या बागेत पायडलची बोट अर्ध्या तासाच्या बोलीवर मिळे, आणि त्यातला निम्मा वेळ आमचा वळसे मारण्यात जाई. बाकीची माणसं धक्का सोडला की सरळ पाण्याच्या मध्यावर जात, तिथं गोल फिरत, पोरं किंचाळत, आणि काठावरून शिट्टी झाली की तशाच सरळ परत येत. आमची बोट आधी डावीकडे काठाकाठानं जाई, पंपघरासमोर काटकोनात वळे, मग बराच वेळ नाकासमोर, मग पुन्हा एक वळण. बोटीत दोघंच असायचो, दादा आणि मी. दादा म्हणजे माझे वडील. पायडल आम्ही दोघं मारायचो, पण मधली दांडी, जिच्यावर बोट वळते, ती त्यांच्या हातात असे. पाण्याकडे न बघता ते सांगत, "आता गाडीवाट लागली." थोडं पुढं गेल्यावर, "हितं गोठा. ह्या अंगाला कडबा रचायचो." मी वाकून बघे. खाली हिरवं, गढूळ पाणी असे आणि त्यात माझंच हलणारं तोंड.

पाण्याखाली आमचं रान होतं. तळं झालं तेव्हा मी मांडीवर होते, त्यामुळे रान, वस्ती, गोठा यांतलं काहीच मला आठवत नाही. दादा आणि त्यांचे थोरले भाऊ तात्या, दोघांचं रान शेजारी शेजारी होतं. दोन्ही पाण्याखाली गेली आणि दोघं भाऊ बीड शहरात आले. तात्यांनी पिठाची गिरणी घातली. दादा एका लाकडाच्या वखारीत मापारी म्हणून लागले. बाग नंतर झाली. नगरपालिकेनं पालीच्या रस्त्याच्या अंगानं काठ सारखा केला, कठडा घातला, गुलाबाचे वाफे केले, सिमेंटची दोन हरणं उभी केली, घसरगुंडी आणली, आणि एका वर्षी दोन बोटी आणल्या, एक निळी आणि एक पिवळी. पहिल्या महिन्यात त्या नुसत्या बघायला माणसं येत.

आम्ही वखारीच्या मागच्या दोन खोल्यांत राहत होतो. करवतीचा आवाज सकाळी सुरू होई आणि जेवणाला थांबे. तो थांबला की घरातली सगळी थोडा वेळ मोठ्यानंच बोलत, मग सवय मोडे. भुसा सगळीकडे असे, अंथरुणात, माठाच्या झाकणावर, माझ्या भूगोलाच्या पुस्तकात. रविवारी करवत बंद. त्या दिवशी माय सकाळपासून धपाटे थापायला बसे. ज्वारीचं पीठ, त्यात थोडं बेसन, लसूण, तीळ, ओलं फडकं, त्यावर बोटांचा थपथप आवाज. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दह्याचं गाडगं आणि कांदा एवढं घेऊन आम्ही दुपार कलली की चालत बागेत जायचो. माय आष्टीकडची. तिच्या माहेरी उन्हाळ्यात घागरीच्या तळाशी वाटी लागली की ऐकू येई, म्हणून एवढं पाणी तिला बघायला आवडे, पण बोटीत ती कधी बसली नाही. "एवढ्या पाण्यावर बसून पाय हालवायचे, ते कावून?" असं विचारी आणि चिंचेखाली डबा मांडीवर घेऊन बसून राही.

मला त्या वयात एकच खूळ होतं. कुणी काही सांगितलं की ते खरं आहे का, हे बघायचं. पुढं चाळीस वर्षं वर्तमानपत्रात त्याच खुळावर निघाली, पण तेव्हा त्याला घरात 'उकरायची सवय' म्हणत. दादा पाण्याखालचं रान इतकं बिनचूक सांगत, तर ते तपासता येईल का, असा प्रश्न मला पडला. वखारीतून सुतळीचं एक बंडल घेतलं, टोकाला दगड बांधला, आणि हात हात अंतरावर गाठी मारल्या. पुढच्या रविवारी दादा बोलत असताना मी दगड सोडत गेले. गाडीवाट, सहा हात. गोठा, सहा हात. मग दादा म्हणाले, "ही इहीर," आणि दगड खाली गेला तो जातच राहिला. वीसच्या वीस गाठी संपल्या, सुतळीचं टोक बोटात राहिलं, तरी दगड टेकला नाही.

दादांनी तिरक्या नजरेनं बघितलं. "सात परस हाय, सात माणसं उभी बुडतील. तुझी सुतळी पुरायची न्हाई."

"मंग वरून कसं कळलं तुमाला?"

"कळतंय," ते म्हणाले. पायडल थांबलं नव्हतं.

त्या संध्याकाळपासून मी वही घातली. वार, ठिकाण, दादा काय म्हणाले, सुतळी किती गेली. वही अजून माझ्याजवळ आहे. अक्षर वाईट आहे, पण नोंदी नीट आहेत, आणि हे प्रकरण मी आठवणीपेक्षा त्या वहीवरून लिहीत आहे.

तळ्यात एक वाळलेली बाभूळ उभी होती. पाणी भरलेलं असलं की तिचं नुसतं टाळकं दिसे, त्यावर पाणकावळे पंख पसरून बसत. ही बाभूळ आमच्या घरातलं सगळ्यात मोठं प्रकरण होतं. दादांचं म्हणणं, बाभूळ आपल्या रानात, बांध तिच्या पलीकडून जात होता. तात्यांचं म्हणणं, बाभूळ त्यांची, बांध तिच्या अलीकडून. दोन्हींत फरक पडे तो चार-पाच काकऱ्यांचा, म्हणजे नांगराच्या चार-पाच रेघांचा. तळ्यासाठी रानं मोजायला माणसं आली तेव्हा त्यांनी झाडाकडे बोट करून विचारलं, हे कुणाचं? दोघं भाऊ एकदम म्हणाले, माझं. मोजणीवाल्यानं कागदावर काय लिहिलं ते दोघांनाही नंतर आठवत नव्हतं. पण त्या दिवसापासून ते एकमेकांशी बोलले नाहीत. रान गेलं, बांध गेला, वर पाणी आलं, शहरात दोघांची घरं पंधरा मिनिटांच्या अंतरावर होती, आणि बोलणं बंद ते बंदच.

त्या वर्षी तात्यांच्या मुलीचं, शकूअक्काचं, लग्न ठरलं. नवरा मुलगा चकलांब्याचा. तारीख वैशाखातली. शकूअक्कानं मला सायकल शिकवली होती, शाळेच्या मागच्या मैदानावर, दोन्ही घरांच्या नकळत. आमच्या भावकीत लग्नाची मुहूर्तमेढ, म्हणजे मांडवाचा पहिला खांब, नवरीच्या चुलत्यानं आणायची असते. तात्यांना भाऊ एकच. दादांनी संक्रांतीच्या आधीच घरात सांगून टाकलं होतं, "चार माणसांत म्हणावं, बाभूळ धाकट्याची होती. मंग मेढ आणतो. न्हाईतर त्या मांडवात माझा पाय न्हाई, आन् तुमचाबी न्हाई." मायनं तव्यावरचं धपाटं उलटलं आणि ते जरा करपलं, एवढंच.

त्याच सुमारास मी वखारीत दुपारचा डबा घेऊन गेले असताना भिंतीकडेला एक आंब्याचा सोट वेगळा ठेवलेला दिसला. सरळ, साल काढलेला, बुंध्याकडे खडूची खूण.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"गिऱ्हाइकाचं," दादा म्हणाले. "भाकर ठेव आन् जा घरी."

मी वहीत लिहिलं नाही. तो तळ्यातला विषय नव्हता.

बागेत मात्र एक गोष्ट मला खटकू लागली होती. बोट सगळीकडून फिरून बाभळीच्या दिशेनं जाई, आणि बाभूळ पाच-सात हातांवर राहिली की दादा दांडी ओढत. बोट वळे आणि परतीला लागे. दर वेळी. पहिल्यांदा मला वाटलं वेळ संपला असेल. मग मी बघायला लागले. वळताना पंपघराचं दार आणि मागची चिंच एका रेषेत येत. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. तिथं सुतळीही कमी जाई, चार हात, कधी साडेतीन, आणि एकदा दगड खाली कशावर तरी आपटल्याचं बोटाला कळलं, जसं भिंतीवर आपटावा.

"दादा, बाभूळ आपली ना?"

"आपलीच."

"मंग तिच्यापातूर कावून जात न्हाई आपण?"

"काटे हायेत. बोटीला लागतील."

बोट लोखंडी पत्र्याची होती. मी हेही लिहून ठेवलं.

बोटी सांभाळायला हुसेनचाचा होते. गळ्यात शिट्टी, डोक्याला टॉवेल, आणि तिकीट फाडताना प्रत्येकाशी दोन वाक्यं बोलायची सवय. माघ सरता सरता एका रविवारी त्यांनी आमची बोट धक्क्याला ओढताना दादांना विचारलं, "भाऊ, तुमी काय बोटीनं नांगर मारता का? सगळे सरळ जातात, तुमी कोपऱ्या कोपऱ्यानं."

"आपल्या वाटेनं जावं माणसानं," दादा म्हणाले. "दुसऱ्याच्या रानातून कशाला?"

"पाण्यात कायचं रान, भाऊ!" चाचा हसले. "तुमच्यासारखाच एक बुढ्ढा येतो बेस्तरवारी. गिरणीवाला हाय, भुवयांवर पीठ. पायडल मला मारायला लावतो अन् आपण राजासारखा बसतो. पल्याडच्या अंगानं वळसा घालून बाभळीपाशी न्यायला लावतो, खोडाला हात लावतो अन् गुमान. टाइम झाला म्हटलं तर म्हणतो, थांब बे, माझ्या सावलीत बसलोय. अरे, झाडाला पान न्हाई, सावली कुठून आली?"

गुरुवारी तात्यांची गिरणी बंद असते हे मला माहीत होतं. दादांनाही माहीत होतं. ते धक्क्यावर एक पाय आणि बोटीत एक पाय असे उभे राहिले.

"माझ्या सावलीत म्हणला?"

"हां."

"आन् बाभळीच्या ह्या अंगाला येतो का तो? आमच्याकडं?"

"न्हाई. तिथूनच परत. तोबी तुमच्यासारखाच अडेलतट्टू."

दादांनी दुसरा पाय धक्क्यावर घेतला. त्या दिवशी धपाटे खाताना त्यांनी दह्याचं गाडगं माझ्याकडे सरकवलं, जे ते सहसा करत नसत.

आता बातमीदाराच्या नजरेनं पाहिलं तर मला त्याच दिवशी सगळं कळायला हवं होतं. कळलं नाही. मला एवढंच कळलं की दादा जे सांगतात आणि बोट जिथं वळते, त्या दोन गोष्टी जुळत नाहीत. नऊ रविवारांच्या नोंदी झाल्यावर मी वही मायला दाखवली. ती निवडायला घेतलेलं धान बाजूला सारून चौथीपर्यंत शिकलेल्या माणसासारखी बोट ठेवून ठेवून वाचू लागली. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "दर येळंला? बाभळीच्या अलीकडं?"

"दर येळंला."

"एकदाबी पलीकडं न्हाई? चुकून?"

"न्हाई."

"कुणाला सांगितलंस?"

"तुलाच."

तिनं वही मिटली, पीठ झटकल्यासारखा तिच्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे परत दिली. "बापाला न्हाई सांगायचं," ती म्हणाली. "त्याला ठावं हाय."

चार दिवसांनी माय दुपारी कुठंतरी गेली आणि दिवे लागायच्या सुमाराला परत आली. तिच्या लुगड्याला भाजलेल्या धण्यांचा, खोबऱ्याचा, दगडफुलाचा वास होता. हा वास आमच्याकडे कुणीही ओळखतं. लग्नाच्या आमटीला येसर लागते; लग्नघरी भावकीतल्या बायका जमून धान्यं आणि मसाले भाजतात आणि ती कुटतात. दादा भाकरी मोडता मोडता थांबले.

"कशाचा वास येतोय?"

"येसरीचा."

"कुणाची येसर?"

"घरची," माय म्हणाली. "अजून भाकर वाढू का?"

दादांनी ताट पुढं केलं. तात्यांकडे माय आणि मोठी माय, म्हणजे माझी थोरली चुलती, यांच्यात त्या दुपारी काय बोलणं झालं ते मी लिहू शकत नाही, कारण मी तिथं नव्हते. पुढं अनेक वर्षांनी मी दोघींना वेगवेगळं विचारलं. दोघी हसल्या. मोठ्या मायनं एवढंच सांगितलं, "तुझी वही लई कामाची निघाली, सुमे."

चैत्रात पाणी झपाट्यानं उतरलं. सुरुवातीला धक्क्याच्या पायऱ्या उघड्या पडल्या, मग धक्काच कोरडा पडला. निळी आणि पिवळी बोट चिखलात तिरपी पडली आणि पोरं त्यांत बसून पायडल मारू लागली. पायडल फिरे, बोट जागची हलत नसे, आणि हुसेनचाचा शिट्टी वाजवून त्यांना अर्धा तास झाल्याचं सांगत. बाग ओस पडली नाही. उलट माणसं कठडा ओलांडून तळाच्या भेगाळलेल्या मातीवर फिरायला जात, शिंपले गोळा करत, भेळवाल्यानं गाडा आत नेला. बाभूळ आता खालपर्यंत दिसू लागली, काळी, गुळगुळीत, वाटली होती त्यापेक्षा बारीक. आणि तिच्या अलीकडे, पाच-सात हातांवर, चिखलातून दगडांची एक सरळ रांग वर येत होती.

मी पहिल्यांदा ती कठड्यावरून पाहिली तेव्हा पंपघराच्या दाराकडे बघितलं, मग चिंचेकडे. एका रेषेत. सुतळीचा दगड आपटला होता तो ह्याच रांगेवर, बांधावर. दादा माझ्या शेजारी कठड्याला दोन्ही हात लावून उभे होते. त्यांनीही रांग पाहिली होती. "बगळे लई झालेत औंदा," ते म्हणाले.

आता त्या बागेत गेलं तर पाणी असतं तेव्हा हंसाच्या आकाराच्या बोटी असतात, चालायला फरशीची वाट आहे, आणि जिथं हरणं होती तिथं उभं राहून लोक स्वतःचे फोटो काढतात. बाभूळ केव्हा गेली ते मला नक्की सांगता येत नाही. मी चौकशी केली; कुणी म्हणतं वाहून गेली, कुणी म्हणतं जळणाला तोडली. दोन्हींना पुरावा नाही.

लग्नाला आठ दिवस राहिले असताना रविवार आला. माय पहाटेपासून थापत होती. मी मोजले, धपाटे सोळा होते. एरवी नऊ असत. दादांनी टोपलीकडे पाहिलं आणि विचारलं, "एवढे कशाला?" माय म्हणाली, "भूक लागती बागेत." आम्ही गेलो. चिंचेखाली आधीच कुणीतरी बसलेलं होतं. मोठी माय होती, आणि शकूअक्का, हळदीच्या आधीच पिवळी दिसणारी. माय सरळ जाऊन त्यांच्याजवळ बसली आणि टोपलीचं फडकं सोडू लागली, जणू दर रविवारी असंच असतं. दादा थांबले. त्यांनी तळ्याकडे बघितलं. बाभळीपाशी एक माणूस उभा होता, खोडावर एक हात ठेवून. रविवार होता, गुरुवार नव्हता.

दादा कठडा ओलांडून तळात उतरले. मी मागून गेले. मला कुणी हटकलं नाही. पाण्यावरून जी वाट ते बोटीनं जात, तीच वाट ते आता पायानं गेले. पंपघरासमोर वळले. विहिरीला बगल दिली. तिच्यात अजून पाणी होतं, काळं, आणि कठड्याचे दगड आत ढासळले होते. मग सरळ. दगडांच्या रांगेपाशी आले आणि थांबले, जिथं बोट वळायची तिथंच. समोर सात हातांवर तात्या. भुवयांवर पीठ नव्हतं, डोक्याला धुतलेला पटका होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. दोघं बांधाकडे बघत होते. मागं भेळवाल्याची घंटा वाजत होती आणि पोरं कोरड्या बोटीत ओरडत होती.

मला वाटलं दादा आता बाभळीचा विषय काढतील. माझी वही कमरेला खोचलेली होती आणि ती कुणी मागितली तर द्यायची की नाही, याचा मी विचार करत होते.

"तात्या," दादा म्हणाले, "येऊ का तिकडं?"

तात्यांनी मान वर केली. एवढ्या वर्षांत आपल्या भावाचा आवाज ओळखायला त्यांना जरा वेळ लागला असावा. किंवा प्रश्न ओळखायला.

"ये की," ते म्हणाले. "चपला काढू नको. काटे हायेत."

दादांनी बांधावर पाय ठेवला आणि पलीकडे टाकला. मी बांधावरच थांबले. मला बोलावलं नव्हतं. दादा झाडापाशी गेले आणि सवयीनं खोडावर बोटं वाजवून पाहू लागले, लाकूड पोकळ आहे का भरीव. वखारीतला माणूस दुसरं काय करणार. तात्या त्यांच्या हाताकडे बघत राहिले.

"मेढ कशाची आणतूस?" तात्यांनी विचारलं.

"आंब्याची."

"सरळ मिळंल का आता? आठ दिवस राहिलेत."

"काढून ठेवलीय."

"कवा?"

दादा खोडाची सुटलेली साल नखानं काढत होते.

"संक्रांतीला."

तात्या खाली, खोडाला टेकून, मातीवर बसले, आणि थोडं सरकून शेजारी जागा केली. ऊन डोक्यावरून कललं होतं आणि झाडाला पान नव्हतं. दादा त्या जागेवर बसले. चिंचेखालून माय हाका मारत होती, धपाटे गार व्हायलेत म्हणून, आणि त्या हाका दोघांनाही ऐकू जात होत्या, पण बराच वेळ त्यांतलं कुणी उठलं नाही.